बालसाहित्यिकांची चरित्रे : तपशिलांची पडताळणी

मुलांसाठी लिहिणाऱ्या लेखकांच्या आणि त्यांच्या पुस्तकांसाठी चित्रे काढणाऱ्या चित्रकारांच्या चरित्रांतील नाव, जन्मतिथी, जन्मस्थळ, कुल, शिक्षण, व्यवसाय, आजार, प्रवास इ. वैयक्तिक तपशील मूळ पुराव्यांशी ताडून पाहण्याची पद्धती. सर्वसाधारण चरित्रलेखनाचे नियम येथेही लागू पडतात. तथापि बालसाहित्याच्या क्षेत्रात काही विशेष अडचणी उद्‌भवत असल्याने या पडताळणीला स्वतंत्र महत्त्व प्राप्त झाले आहे. बालसाहित्यिक पुष्कळदा स्वतःच्या बालपणालाच कथेचे रूप देतो. वाचक त्या कथेलाच त्याचे चरित्र मानतात. प्रकाशक त्या समजुतीला खतपाणी घालतात आणि पाठ्यपुस्तके व संदर्भग्रंथ तीच माहिती पुढे चालवितात. मुलांच्या मनावर लेखकाच्या आयुष्याचा संस्कार व्हावा, या हेतूने लिहिलेल्या चरित्रांत अडचणीचे प्रसंग वगळण्याकडे व बोधपर प्रसंगांना उठाव देण्याकडे कल असतो. त्यामुळे एकदा रूढ झालेली चूक पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहते.

साधने व त्यांची विश्वसनीयता : पडताळणीसाठी उपयोगी पडणाऱ्या साधनांचे स्थूलमानाने तीन वर्ग पडतात. पहिल्या वर्गात घटनेच्या वेळी, ती नोंदविणे हेच ज्यांचे काम अशा व्यक्तींनी केलेल्या नोंदी येतात. चर्चमधील बाप्तिस्मा व विवाह यांच्या नोंदवह्या, शासकीय जन्म-मृत्यू नोंदी, जनगणनेची पत्रके, जमीनजुमल्याचे दस्तऐवज, शाळांची दाखलापुस्तके व सैनिकी अहवाल ही त्यांची उदाहरणे होत. दुसऱ्या वर्गात त्याच काळातील खाजगी लेखन, म्हणजे दैनंदिनी, पत्रे, कुटुंबाच्या बायबलच्या कोऱ्या पानांवरील नोंदी व हस्तलिखितांवरील टिपा मोडतात. आत्मचरित्रे, मुलाखती, नातलगांच्या आठवणी आणि प्रकाशकांनी मलपृष्ठावर दिलेला परिचय यांचा समावेश तिसऱ्या वर्गात होतो. तिसऱ्या वर्गातील साधने सर्वांत सुलभ असल्याने चरित्रकारांची मदार बहुधा त्यांच्यावरच राहिली. परंतु घटना व लेखन यांत अनेक वर्षांचे अंतर असल्यामुळे आणि लेखकाला स्वतःची विशिष्ट प्रतिमा निर्माण करावयाची असल्यामुळे ती सर्वांत कमी भरवशाची ठरतात.

पहिल्या वर्गातील साधनेही सर्वस्वी निर्दोष असतात असे नाही. बाप्तिस्म्याची तारीख ही जन्मतारीख नव्हे. जनगणनेच्या पत्रकातील वय घरातील कोणीही अंदाजाने सांगितलेले असू शकते. म्हणून एकच पुरावा अनेक ग्रंथांत उद्‌धृत झाला, तरी तो एकच पुरावा होय. परस्परांशी संबंध नसलेली दोन साधने एकच गोष्ट सांगू लागली, म्हणजेच तिला बळकटी येते, हे या पद्धतीचे मूलतत्त्व आहे.

संदर्भग्रंथांची परंपरा : एकोणिसाव्या शतकातील चरित्रे प्रायः कुटुंबीयांनी वा स्नेह्यांनी लिहिली. विसाव्या शतकात अमेरिकेतील ग्रंथालये व शाळा यांच्या गरजेतून बालसाहित्यिकांचे स्वतंत्र चरित्रकोश निर्माण झाले. १९३४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द ज्यूनिअर बुक ऑफ ऑथर्स’ या कोशात अनेक लेखक-चित्रकारांनी स्वतःच लिहिलेले परिचय समाविष्ट होते. १९७१ पासून ‘समथिंग अबाउट द ऑथर’ ही बहुखंडात्मक माला निघू लागली. तीत लेखकांबरोबरच चित्रकारांनाही स्थान मिळाले. या कोशांमुळे विखुरलेली माहिती प्रथमच एकत्र आली. मात्र लेखकाने स्वतःविषयी सांगितलेली माहिती ग्राह्य धरण्याच्या प्रथेमुळे त्याने लपविलेले वा बदललेले तपशीलही अधिकृत ठरले.

याचे ठळक उदाहरण म्हणजे ‘मेरी पॉपिन्स’ या पुस्तकाची (१९३४) लेखिका पी. एल्. ट्रॅव्हर्स. तिचे मूळ नाव हेलन लिंडन गॉफ. तिचा जन्म ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमधील मेरीबरो येथे ९ ऑगस्ट १८९९ रोजी झाला. परंतु काही संदर्भग्रंथांत तिचे जन्मवर्ष १९०६ असे दिलेले आढळते. तिचे वडील बँकेत नोकरीस होते; त्यांची व्यवस्थापकपदावरून खालच्या जागी पदावनती झाली आणि १९०७ मध्ये ते वारले. लेखिकेने मात्र पुढे त्यांचे चित्र ऊस-मळ्यांच्या संदर्भात रंगविले. स्वतःच्या खाजगी जीवनाविषयीच्या प्रश्नांना उत्तरे देण्याचे ती टाळीत असे. तिच्या मृत्यूनंतर (१९९६) व्हॅलेरी लॉसन हिने लिहिलेल्या चरित्रात (१९९९) ऑस्ट्रेलियातील नोंदींच्या आधारे हे तपशील एकत्रित झाले. कथेतील बँकेत नोकरी करणाऱ्या वडिलांचे पात्र त्यामुळे नव्या प्रकाशात दिसू लागले.

ग्रिम बंधूंच्या कथाकथक : याकोप व व्हिल्हेल्म ग्रिम यांच्या लोककथासंग्रहाचा पहिला खंड १८१२ मध्ये व दुसरा १८१५ मध्ये प्रसिद्ध झाला. या कथा जर्मन खेडुतांच्या मुखातून जशाच्या तशा आल्या, असा समज दीर्घकाळ रूढ होता. दुसऱ्या खंडाच्या प्रस्तावनेत कासेलजवळच्या खेड्यातील डोरोटेआ फीमान (१७५५–१८१५) या कथाकथकाचे वर्णन शेतकरी स्त्री असे केले होते. त्यांचा धाकटा भाऊ लूटव्हिख एमील ग्रिम (१७९०–१८६३) हा चित्रकार होता. त्याने काढलेले फीमानचे व्यक्तिचित्र १८१९ च्या आवृत्तीत छापले गेले व खेडवळ, वृद्ध कथाकथकाची प्रतिमा वाचकांच्या मनात ठसली. प्रत्यक्षात ती एका शिंप्याची पत्नी होती आणि तिचे पितृकुल फ्रान्समधून आलेल्या ह्यूगनॉट निर्वासितांपैकी होते.

याहून महत्त्वाचा प्रश्न ‘मारी’ या नावाचा होता. ग्रिम बंधूंनी स्वतःच्या प्रतीत काही कथांसमोर हे नाव नोंदविले होते. व्हिल्हेल्मचा मुलगा हेर्मान ग्रिम याने ही मारी म्हणजे कासेल येथील व्हिल्ट कुटुंबातील वृद्ध घरकामवाली होय, असे सांगितले. पुत्राचीच साक्ष असल्याने ती कोणी तपासली नाही. १९७५ मध्ये हाइन्त्स रोलेके या अभ्यासकाने या टिपांची छाननी करून दाखवून दिले, की ही मारी म्हणजे सुशिक्षित, सुस्थित घराण्यातील तरुणी मारी हासेनप्फ्लूग (१७८८–१८५६) होय. तिच्या घरी फ्रेंच भाषा व ह्यूगनॉट परंपरा यांचा वावर होता. ‘निद्रिस्त सुंदरी’सारख्या कथांचे फ्रेंच कथांशी असलेले साम्य यामुळे उलगडले. एका व्यक्तीची ओळख बदलताच शुद्ध जर्मन लोकपरंपरेविषयीची संपूर्ण मांडणी पुन्हा तपासणे भाग पडले. वरवर किरकोळ भासणाऱ्या तपशिलावर केवढा डोलारा उभा असू शकतो, हे या उदाहरणावरून दिसून येते.

अँडरसन : हॅन्स क्रिश्चन अँडरसन (२ एप्रिल १८०५ – ४ ऑगस्ट १८७५) या डॅनिश लेखकाने स्वतःचे आयुष्य एकाहून अधिक वेळा लिहिले. १८५५ च्या आत्मचरित्रात त्याने आपले जीवन परीकथेप्रमाणे मांडले. तत्पूर्वी १८३२ च्या सुमारास लिहिलेले त्याचे अप्रकाशित आत्मवृत्त १९२६ मध्ये छापले गेले. दोहोंची तुलना केली असता तो स्वतःची प्रतिमा कशी घडवीत गेला हे ध्यानात येते. ओडेन्स येथील चर्चच्या नोंदींवरून त्याच्या आईवडिलांचा विवाह त्याच्या जन्मापूर्वी सु. दोन महिने, फेब्रुवारी १८०५ मध्ये, झाल्याचे निश्चित होते. आईला विवाहापूर्वी झालेली मुलगी कारेन मारी हिचा आत्मचरित्रात जवळजवळ उल्लेखच नाही.

ओडेन्समधील त्याचे जन्मघर म्हणून दाखविण्यात येणाऱ्या वास्तूविषयीही असाच वाद आहे. या घरात आपण जन्मलो, हे खुद्द अँडरसनने मान्य केले नव्हते. पुढे तेथे संग्रहालय झाले आणि पाटीमुळे परंपरेला वजन आले. त्याचे बालपण गेले ते मुंकेमोले मार्गावरील छोटे घर मात्र निश्चित आहे. १९८७ मध्ये डॅनिश लेखक येन्स यॉरगेन्सन याने अँडरसन हा राजपुत्र क्रिश्चन (नंतरचा राजा आठवा क्रिश्चन) याचा अनौरस पुत्र असल्याचा सिद्धांत मांडला. कुरूप पिल्लाच्या कथेशी तो जुळत असल्याने लोकप्रियही झाला. तथापि चर्चच्या नोंदी या सिद्धांताला पोषक नसल्याने इतिहासकारांनी तो स्वीकारला नाही. कथा आणि आयुष्य एकमेकांत चपखल बसतात, एवढ्यावरून काहीही सिद्ध होत नाही.

कॅरलच्या दैनंदिनी : ‘ॲलिस’च्या कथांचा लेखक लूइस कॅरल (मूळ नाव चार्ल्स लटविज डॉज्सन, २७ जानेवारी १८३२ – १४ जानेवारी १८९८) याच्या दैनंदिनीचे तेरा खंड होते. त्याचा भाचा स्टूअर्ट डॉज्सन कॉलिंगवुड याने १८९८ मध्येच चरित्र लिहिले. त्यानंतर केव्हा तरी चार खंड नाहीसे झाले, नऊ उरले. उरलेल्यांतीलही काही पाने कापलेली आहेत. जून १८६३ च्या अखेरीचे असेच एक पान नाहीसे असून त्याच सुमारास कॅरल व ॲलिस लिडेलचे कुटुंब यांच्यात दुरावा आला. या रिकाम्या जागेत चरित्रकारांनी आपापले तर्क भरले. कॅरलने ॲलिसला मागणी घातली असावी, हा त्यांपैकी सर्वाधिक प्रचलित तर्क होय. १९९६ मध्ये कॅरोलिन लीच हिला डॉज्सन कुटुंबाच्या कागदपत्रांत एक त्रोटक टिपण मिळाले. कापलेल्या पानावरील मजकुराचा सारांश म्हणून ते केलेले दिसते. कॅरल मुलांच्या निमित्ताने त्यांच्या शिक्षिकेशी जवळीक साधत असल्याची आणि ‘आयना’शी त्याचे नाव जोडले जात असल्याची चर्चा श्रीमती लिडेल यांनी त्याच्या कानावर घातली, असा त्याचा आशय आहे. हे टिपण दुय्यम पुरावा होय. त्यातील ‘आयना’ कोण याविषयीही मतभेद आहेत. त्याने जुना तर्क दुबळा केला, परंतु नवा निर्णायक निष्कर्ष दिला नाही. उपलब्ध दैनंदिनी एडवर्ड वेकलिंगच्या संपादनाखाली १९९३ ते २००७ या काळात संपूर्ण प्रसिद्ध झाल्या.

४ जुलै १८६२ च्या नौकाविहारात ॲलिसची कथा प्रथम सांगितली गेली. कॅरल, ॲलिस व त्यांचा सहप्रवासी रॉबिन्सन डकवर्थ या सर्वांच्या आठवणींत तो दिवस स्वच्छ उन्हाचा होता. विसाव्या शतकात हेल्मुट गेर्न्सहाइम याने हवामानखात्याच्या नोंदी मागविल्या, तेव्हा ऑक्सफर्डजवळ त्या दिवशी हवा थंड व पावसाळी असल्याचे कळविण्यात आले. पुढील अभ्यासकांनी त्या नोंदींच्या वेळांची फेरतपासणी करून दुपारी ऊन पडले असण्याची शक्यता दर्शविली. सहलीची तारीख दैनंदिनीमुळे पक्की आहे. उन्हाबाबत स्मृती व नोंद यांचा मेळ घालताना नोंद कोणत्या तासाची व कोणत्या ठिकाणची, हेही पाहावे लागते.

वाइल्डर : अमेरिकन लेखिका लॉरा इंगल्स वाइल्डर (७ फेब्रुवारी १८६७ – १० फेब्रुवारी १९५७) हिच्या ‘लिटल हाउस’ मालेतील (१९३२–४३) नायिकेचे नाव लॉरा इंगल्स हेच असल्याने माला म्हणजे आत्मचरित्रच, असे वाचक मानीत आले. १९३७ मध्ये डिट्रॉइट येथील भाषणात आपण सांगितले ते खरे, पण ते संपूर्ण सत्य नव्हे, अशा आशयाचे विधान लेखिकेने केले होते. या विधानाच्या पूर्वार्धालाच अधिक प्रसिद्धी मिळाली.

शासकीय नोंदींशी ताडून पाहता अनेक फरक आढळतात. १८७० च्या जनगणनेत हे कुटुंब कॅन्ससमधील माँगमरी परगण्यात आढळते. धाकटी बहीण कॅरी हिचा जन्मही त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तेथेच झाला. परंतु कॅन्ससला जाण्यापूर्वीची म्हणून सांगितलेल्या विस्कॉन्सिनच्या कथेत कॅरी आधीच वावरताना दिसते. कॅन्ससमध्ये लॉरा दोन ते चार वर्षांची होती. कथेतील लॉरा मोठी आहे व तिला सारे स्पष्ट आठवते. इंडिपेंडन्स या गावापासून झोपडी ४० मैलांवर (सु. ६४ किमी.) असल्याचे कथेत म्हटले आहे, प्रत्यक्ष जागा सु. १३ मैलांवर (सु. २१ किमी.) होती. ही चूक लेखिकेची असल्याने खुद्द तिला व तिची कन्या रोझ वाइल्डर लेन हिलाही जागा सापडू शकली नाही. जनगणनेच्या पत्रकाच्या साहाय्याने ती पुढे १९६० नंतरच्या दशकात निश्चित झाली. ही जमीन ओसेज आदिवासींची होती व तेथील वसाहतीला कायद्याचा आधार नव्हता. त्यामुळे तारीख आणि अंतर यांच्या पडताळणीतून भूमीच्या मालकीचा मोठा प्रश्न पुढे आला.

लॉराचा एकुलता भाऊ फ्रेडी नोव्हेंबर १८७५ मध्ये जन्मला व पुढच्या ऑगस्टमध्ये दगावला. त्यानंतर कुटुंबाने आयोवातील बर ओक येथे हलाखीत काढलेला काळही मालेतून गाळला आहे. थोरली बहीण मेरी हिला १८७९ मध्ये अंधत्व आले. त्याचे कारण कथेत लोहितांग ज्वर असे दिले आहे. २०१३ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या शोधलेखात लेखिकेचे मूळ टिपण, पत्रे व स्थानिक वृत्तपत्रांतील उल्लेख यांच्या आधारे हा आजार विषाणुजन्य मस्तिष्कावरण व मस्तिष्क यांचा दाह असावा, असा निष्कर्ष काढण्यात आला. १९३० मध्ये लिहिलेले, प्रौढांसाठीचे तिचे आत्मवृत्त ‘पायोनिअर गर्ल’ २०१४ मध्ये सटीप प्रकाशित झाल्यावर कादंबरी व आयुष्य यांतील अंतर पानोपानी मोजणे शक्य झाले. कादंबरीकार म्हणून असा बदल करण्याचा लेखिकेला पूर्ण अधिकार होता. दोष कादंबरीलाच प्रमाण मानणाऱ्या चरित्रकारांचा होय.

किपलिंग व मुंबई : रड्यर्ड किपलिंग याचा जन्म मुंबईस ३० डिसेंबर १८६५ रोजी झाला व बाप्तिस्मा तेथील सेंट टॉमस कॅथीड्रलमध्ये झाला. त्याचे वडील जॉन लॉकवुड किपलिंग (१८३७–१९११) हे सर जे. जे. कलाशाळेत शिल्पकलेचे अध्यापक होते. पुत्राच्या ‘द जंगल बुक’मधील (१८९४) काही चित्रे त्यांची आहेत. कलाशाळेच्या आवारातील जुना लाकडी बंगला किपलिंगचे जन्मघर म्हणून ओळखला जातो. वस्तुतः सध्याची वास्तू त्याच्या जन्मानंतरची आहे. जन्म त्याच आवारातील पूर्वीच्या घरात झाला. ‘जंगल बुक’चे लेखन अमेरिकेतील व्हर्‌माँट राज्यात झाले. कथेतील सिवनीच्या अरण्याशी लेखकाचे नाते आज अभिमानाने सांगितले जाते. पण तेथील वर्णने मुख्यतः इतरांची पुस्तके, छायाचित्रे व ऐकीव माहिती यांवर आधारलेली आहेत.

१८७१ ते १८७७ या काळात किपलिंग व त्याची बहीण ट्रिक्स यांना इंग्लंडमधील साउथसी येथे एका परक्या कुटुंबाकडे ठेवले होते. तेथे झालेल्या छळाचे चित्रण त्याने १८८८ मधील एका कथेत व मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात (१९३७) केले. या प्रकरणी कथा व आत्मचरित्र ही दोन साधने दिसत असली, तरी साक्षीदार एकच आहे. म्हणून बहिणीने १९३९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आठवणींना विशेष मोल येते. किपलिंग दांपत्याने बरीचशी पत्रे नष्ट केली होती. लॉर्ड बर्कनहेड याने लिहिलेले चरित्र किपलिंगच्या कन्येने रोखून धरल्याने तिच्या मृत्यूनंतर, १९७८ मध्ये, प्रकाशित झाले. कागद कोणाच्या ताब्यात आहेत यावर चरित्राचे स्वरूप किती अवलंबून असते, हे यावरून स्पष्ट होते.

चित्रकारांचे प्रश्न : चित्रकारांच्या बाबतीत पुरावे अधिक विरळ असतात. जुन्या पुस्तकांत त्यांचे नाव नसणे, केवळ आद्याक्षरे असणे वा मूळ चित्र ठशासाठी कोरणाऱ्याचीच सही असणे, हे प्रकार सर्रास आढळतात. याउलट चित्रांनाच जीवनाचा पुरावा मानण्याची चूकही घडते. जॉन टेनिअलने (१८२०–१९१४) काढलेल्या ॲलिसचे केस लांब व फिकट आहेत. कॅरलने घेतलेल्या छायाचित्रांतील ॲलिस लिडेलचे केस आखूड व काळे आहेत. अर्नेस्ट शेपर्डने (१८७९–१९७६) काढलेले विनी-द-पू हे अस्वल ए. ए. मिल्नच्या मुलाच्या खेळण्यावरून घेतले, असा सार्वत्रिक समज आहे. त्याच्यासमोरचा नमुना मात्र त्याचा स्वतःचा मुलगा ग्रेअम याचे अस्वल होते. वाइल्डरच्या मालेच्या १९५३ च्या आवृत्तीसाठी गार्थ विल्यम्सने कथास्थळे प्रत्यक्ष फिरून पाहिली. त्याची चित्रे स्थळांशी प्रामाणिक असली, तरी ती सत्तर-ऐंशी वर्षांनंतरच्या निरीक्षणाची आहेत.

लेखिका व चित्रकार असलेल्या बीट्रिक्स पॉटरने (१८६६–१९४३) तरुणपणी स्वतः तयार केलेल्या सांकेतिक लिपीत दैनंदिनी लिहिली होती. मार्गारेट लेन हिचे चरित्र (१९४६) या साधनाविना लिहिले गेले. लेस्ली लिंडर याने १९५८ मध्ये ‘सोळावा’ हा रोमन अंक व १७९३ हे वर्ष यांवरून सोळाव्या लूईच्या वधाचा उल्लेख ओळखून लिपी उलगडली. दैनंदिनी १९६६ मध्ये छापली गेली. तिच्या बुरशीविषयक निबंधाबाबतही प्रचलित कथेत दुरुस्ती करावी लागते. लंडनच्या लिनीअन सोसायटीने तो फेटाळला असे सांगण्यात येते. स्त्रियांना तेथे प्रवेश नव्हता, हे खरे; परंतु १ एप्रिल १८९७ रोजी तो तिच्या वतीने सभेपुढे ठेवला गेला व नंतर मागे घेण्यात आला. अन्यायाची बाजू खरी असली, तरी तिचे वर्णन नेमके हवे.

कालगणना व नावे : दिनांकांचे रूपांतर हा चुकांचा मोठा उगम होय. रशियन बालकवी कर्नेय चुकोव्हस्की याचा जन्म जुन्या पद्धतीनुसार १९ मार्च १८८२ चा. एकोणिसाव्या शतकात दोन कालगणनांतील फरक १२ दिवसांचा असल्याने नवा दिनांक ३१ मार्च येतो. विसाव्या शतकातील १३ दिवसांचा फरक धरल्यामुळे त्याचा वाढदिवस १ एप्रिलला साजरा होत राहिला. त्याचे मूळ नाव निकलाय कर्नेचूकफ. तो अविवाहित मातेचा मुलगा होता. आईच्या आडनावाचे तुकडे करून त्याने लेखननाम घडविले.

महाराष्ट्रातही अशा अडचणी आहेत. जुन्या पिढीतील लेखकांचे जन्म शक व तिथी यांनुसार नोंदलेले असतात. शकवर्षात सामान्यतः ७८ मिळविले की इसवी सन येतो. मात्र जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंतच्या तिथींसाठी ७९ मिळवावे लागतात. हे विसरल्यास एका वर्षाची चूक होते. भारतात जन्म-मृत्यूंची नोंद करण्याविषयीचा १८८६ चा अधिनियम ऐच्छिक स्वरूपाचा होता; सर्व देशभर ती सक्तीची करणारा अधिनियम १९६९ चा आहे. शाळेत नाव घालताना सोयीची जन्मतारीख देण्याची प्रथा सर्वश्रुत आहे. त्यामुळे शाळेचा दाखला, जन्मपत्रिका व कुटुंबीयांची आठवण यांत तफावत पडल्यास तिन्ही नोंदवून निवडीचे कारण देणे इष्ट ठरते.

साने गुरुजी (२४ डिसेंबर १८९९ – ११ जून १९५०) यांच्या चरित्राच्या संदर्भात हा प्रश्न विशेष नाजूक आहे. ‘श्यामची आई’ हे पुस्तक त्यांनी फेब्रुवारी १९३३ मध्ये नासिकच्या तुरुंगात लिहिले व ते १९३५ मध्ये प्रकाशित झाले. श्यामचे बालपण हे बव्हंशी गुरुजींचेच बालपण होय. तथापि पुस्तकाची रचना आश्रमातील मित्रांना सांगितलेल्या कथांची आहे. श्याम हे त्यातील पात्र आहे. कथेतील प्रत्येक प्रसंग, संवाद वा कालक्रम स्वतंत्र आधाराशिवाय चरित्रात उतरविल्यास कलाकृती व दस्तऐवज यांतील सीमारेषा पुसली जाते. मातृप्रेमाच्या त्या चित्राचे मूल्य अशा विवेकाने कमी होत नाही.

तोतयेगिरी व अतिशयोक्ती : फॉरेस्ट कार्टर या नावाने १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘द एज्युकेशन ऑफ लिटल ट्री’ हे पुस्तक चेरोकी आदिवासी वंशाच्या अनाथ मुलाचे आत्मवृत्त म्हणून शाळाशाळांतून वाचले गेले. लेखक प्रत्यक्षात एसा अर्ल कार्टर होता. तो कू क्लक्स क्लॅनशी संबंधित, वंशभेदाचा प्रचारक व अलाबामाचा राज्यपाल जॉर्ज वॉलेस याचा भाषणलेखक होता. ही ओळख १९७६ मध्येच छापून आली होती. परंतु पुस्तकाची नवी आवृत्ती खपाच्या यादीत अग्रस्थानी आल्यावर, १९९१ मध्ये, इतिहासकार डॅन कार्टर याने ती पुन्हा उघड केली, तेव्हा ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने पुस्तक आत्मकथनांच्या यादीतून काढून कादंबऱ्यांच्या यादीत टाकले. चेरोकी जीवनाची खरी ओळख म्हणून ते वाचलेल्या मुलांची फसवणूक त्यापूर्वीच झाली होती.

रोआल्ड डाल (१९१६–९०) याचे उदाहरण सौम्य स्वरूपाचे आहे. सप्टेंबर १९४० मध्ये त्याचे विमान उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात कोसळले. १९४२ मधील त्याच्या पहिल्या प्रसिद्ध लेखाच्या शीर्षकात ते शत्रूने पाडल्याचे म्हटले होते. चुकीची जागा कळविली गेल्याने इंधन संपत आले व सक्तीने उतरताना अपघात झाला, ही वस्तुस्थिती त्याने ‘गोइंग सोलो’मध्ये (१९८६) मांडली.

मर्यादा व नीती : जे सिद्ध करता येते ते सर्व प्रसिद्ध करावेच, असे नाही. स्वीडिश लेखिका ॲस्ट्रिड लिंडग्रेन (१९०७–२००२) हिला विवाहापूर्वी १९२६ मध्ये मुलगा झाला होता. मार्गारेटा स्ट्रमस्टेट हिच्या १९७७ च्या चरित्रात ही गोष्ट लेखिकेच्या सहकार्याने सांगितली गेली. तिच्या कथांतील एकाकी मुलांविषयीचा कळवळा समजण्यास त्यामुळे मदत झाली. हयात व्यक्तींच्या बाबतीत साहित्याशी संबंध नसलेला निवासाचा पत्ता, आजार वा कौटुंबिक कलह यांचा शोध घेणे हे चरित्रकाराचे काम नव्हे.

चरित्रकोशांत आज सामान्यतः काही संकेत पाळले जातात : प्रत्येक तपशील मूळ साधनापर्यंत नेणे, लेखकाचे स्वतःचे कथन तसे असल्याचे स्पष्ट करणे, मतभेद असल्यास दोन्ही बाजू देणे, अनिश्चित वर्षापुढे ‘सु.’ लिहिणे आणि चूक आढळल्यास पुढील आवृत्तीत ती दुरुस्त करणे. मुलांसाठीच्या संक्षिप्त चरित्रांत हे नियम शिथिल करण्याची प्रवृत्ती दिसते. परंतु प्रौढ वाचक दुसरा ग्रंथ उघडून पडताळा घेऊ शकतो. मुलाला ती सोय नसते. त्याच्या हाती दिलेले पान हेच त्याच्यापुरते प्रमाण असते. म्हणून ज्या वाचकांसाठी हे लेखक लिहीत आले, त्यांच्याच हाती पडणाऱ्या चरित्रांत अचूकतेची निकड सर्वाधिक असते.